स्वल्पविराम की इनर जॉइन? क्वेरी अडते दुसरीकडेच

तुम्ही विचारलंय की ऑर्डर, ग्राहक आणि पेमेंट ही तीन टेबलं स्वल्पविरामाऐवजी इनर जॉइनने (जुळणाऱ्या ओळीच ठेवणारा जोड) जोडली तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जास्त वेगाने पळेल का. नाही, वेग तोच राहील. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरच्या लेखी दोन्ही एकच. एक्सप्लेन (प्लॅन दाखवणारी आज्ञा) लावून बघा, प्लॅन तोच येईल. फरक पडतो तो टेबलं फार झाली की. जॉइन कोलॅप्स लिमिट हे सेटिंग मुळात 8 असतं, त्यापुढे तुम्ही लिहिलेला जॉइनचा क्रम प्लॅनरला बांधून ठेवू लागतो. तरीही इनर जॉइनच लिहा. स्वल्पविरामात एखादी अट राहून गेली तर एरर येत नाही, प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जोडली जाते.

तुमची क्वेरी अडतेय ती 'ऑर'मुळे, म्हणजे अटीतल्या 'किंवा'मुळे. ग्राहक क्रमांक जुळावा किंवा मोबाइल नंबर जुळावा, अशी तुमची अट आहे. हॅश जॉइन आणि मर्ज जॉइन या टेबलं जोडण्याच्या पद्धती, दोघींनाही बरोबरीची सरळ अट लागते. ऑर आला की दोन्ही बाद, उरतो नेस्टेड लूप, म्हणजे एका टेबलाची एकेक ओळ घेऊन दुसऱ्यात जुळणी शोधणं. त्यातून त्या कॉलमांवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसेल तर 1 लाख ऑर्डर आणि 50 हजार ग्राहक म्हणजे 500 कोटी तुलना! क्वेरी खरंच चालवून वेळ मोजणाऱ्या एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये 'Rows Removed by Join Filter' (अट न जुळल्याने टाकलेल्या ओळी) हा आकडा बघा, तिथेच सगळा वेळ जातोय.

उपाय म्हणजे क्वेरीचे दोन तुकडे करा, एक क्रमांकावर आणि एक मोबाइलवर, आणि मध्ये युनियन टाका, ते दोन्ही निकाल एकत्र करून सारख्या ओळी एकदाच ठेवतं. तिन्ही टेबलांची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) सिलेक्टमध्ये ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर वरवर सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या ऑर्डर गळून जातील.

पोस्टग्रेस फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी की) असलेल्या कॉलमवर आपणहून इंडेक्स करत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन करतं, म्हणून तिकडून आलेली मंडळी इथे हमखास फसतात. ऑर्डर टेबलातल्या ग्राहक क्रमांकावर इंडेक्स आहे का, तेवढं तपासा.

पेमेंटला लेफ्ट जॉइन (पेमेंट नसलं तरी ऑर्डर ठेवणारा जोड) करायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. मग पेमेंटच्या स्टेटसची अट व्हेअरमधून (जोडल्यानंतर ओळी गाळणारा भाग) काढून ऑनमध्ये (जोडतानाची अट) न्या. व्हेअरमध्ये ठेवलीत तर पेमेंट न झालेल्या ऑर्डर गाळल्या जातात आणि पोस्टग्रेस त्याचा सरळ इनर जॉइन करून टाकतं.

बदल केल्यावर एक्सप्लेन ॲनालाइझ इथे पूर्ण टाका. नेस्टेड लूपच्या आतल्या पायरीवरचा वेळ एका फेरीचा सरासरी असतो, म्हणून त्याला लूप्सच्या आकड्याने गुणून वाचा.