खाज आणि स्टेरॉइडचे मलम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : जांघेत गोल चट्टे उठून फार खाज येत होती. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावली आणि तिसऱ्या दिवशी आराम पडला. पण लावणे थांबवताच चट्टे पुन्हा उठले आणि आता ते मांड्यांवर व कमरेवरही पसरले आहेत. ट्यूब बदलावी का?

उत्तर : आधी त्या ट्यूबच्या खोक्यावरची घटकांची बारीक अक्षरे वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव तेथे बुरशीनाशक आणि प्रतिजैविकाच्या जोडीने बहुधा आढळेल. हे स्टेरॉइड होय. तुमच्या वर्णनावरून हे गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, वाटते. त्यातली खाज, लाली आणि सूज बरीचशी आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे येते, कारण ती बुरशीशी झुंजत असते. स्टेरॉइड त्या जागची ही झुंज दडपते. त्यामुळे खाज झटपट शमते, पण बुरशीला मोकळे रान मिळते आणि चट्टा कडेने पसरत राहतो. पुढे त्याची ठळक गोल कडही पुसट होते, आणि मग तपासणाऱ्या डॉक्टरलादेखील रोग ओळखणे अवघड जाते. आराम पडला म्हणजे औषध लागू पडले, हा समज खाजेच्या बाबतीत फार फसवा आहे, कारण खाज कशाची आहे हे न पाहताच स्टेरॉइड ती शमवते.

म्हणून ही ट्यूब बंद करा. बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल. तेवढ्यासाठी पुन्हा तिच्याकडे वळू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि लावलेल्या प्रत्येक मलमाचे नाव त्यांना सांगा. उपचार काही आठवडे चालतील, आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर ते चालू ठेवावे लागतील. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांनाही एकाच वेळी उपचार हवेत, नाहीतर संसर्ग घरातल्या घरात फिरत राहतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा आणि पावसाळ्यात दमट राहिलेले आतले कपडे इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नका. जांघेत नाजूक त्वचा त्वचेवर घासते, तेथे औषध अधिक शोषले जाते आणि स्टेरॉइडमुळे पडलेले पांढुरके ताणाचे व्रण कायमचे राहतात, हे अशी ट्यूब घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या आठ महिन्यांच्या बाळाला इसब आहे. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम दिले आहे, पण सासूबाई म्हणतात की स्टेरॉइड बाळाला लावायचे नाही.

उत्तर : सासूबाईंची काळजी मी समजू शकतो, परंतु येथे निदान झालेले आहे, औषध सौम्य आहे आणि ते डॉक्टरांनी बाळाला पाहून दिले आहे. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावण्यासाठी 1952 पासून वापरात आहे. भीतीपोटी ते चिमूटभर लावले तर इसब धुमसत राहते, बाळ रात्रभर खाजवते आणि अखेर औषध अधिक दिवस लागते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढावी. ते सुमारे अर्धा ग्रॅम होते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पाळा. लंगोटाखाली मात्र त्यांना विचारल्याशिवाय लावू नका, कारण झाकलेल्या जागी औषध जास्त शोषले जाते. त्वचा ओलसर ठेवणारे साधे मलम रोज, दिवसातून दोन-तीनदा, इसब शांत असतानाही लावत राहा.

प्रश्न : वांगासाठी दिलेले क्रीम मी दोन वर्षे रोज चेहऱ्यावर लावते. रंग उजळला, पण एक दिवस चुकले तरी चेहरा लाल होऊन आग होते.

उत्तर : ही आग क्रीम सोडल्याची आहे. वांगावरच्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असते. ती थोडे आठवडे आणि देखरेखीखाली वापरायची असतात, पण गोरेपणाच्या आशेने ती वर्षानुवर्षे लावली जातात. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवरील 14 स्टेरॉइडे चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली, तरी ती मागताक्षणी मिळतात, हे खेदाने लिहावे लागते. दोन वर्षांनंतर ते कसे थांबवायचे हे तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवा. काहींना एकदम बंद करता येते, काहींना सौम्य औषधाकडे टप्प्याटप्प्याने यावे लागते. तोवर साबण, स्क्रब आणि ब्लीच पूर्ण टाळा आणि उन्हात जाताना चेहरा झाका. त्वचा सावरायला काही महिने लागू शकतात.

प्रश्न : वय 70. अंगावर पुरळ काहीच नाही, पण सर्वांगाला खाज येते. कोणते मलम लावू?

उत्तर : पुरळच नसेल तर स्टेरॉइडचा फारसा उपयोग नाही. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करा, साबण कमी वापरा आणि अंग किंचित ओले असतानाच खोबरेल तेल लावा. एवढ्याने दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि साखरेच्या तपासण्या करून घ्या. खाज रात्री वाढत असेल आणि घरातल्या इतरांनाही येत असेल, तर खरूज नाही ना हे आधी पाहून घ्या.