नाटकासाठी शिरस्त्राण मातीत घडवून साचा काढायचा आहे. शाडू घ्यावी की तेलकट क्ले? खर्च किती येईल?

शाडू घ्या. तेलकट क्ले महाग पडते, आणि आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवली तर ती लोण्यासारखी होते. साचा सिलिकॉनचा करणार असाल तर क्लेमध्ये गंधक नाही ना, हे दुकानदाराला आधी विचारा. गंधक असेल तर प्लॅटिनमवालं सिलिकॉन मातीलगत सेटच होत नाही, चिकट राहतं. पीओपीच्या साच्याला ही भानगड नाही.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत ते. तुमच्या प्रश्नात डोक्याचं माप कुठेच नाही. शिरस्त्राण घालणार कोण? त्याचं डोकं केवढं? माती त्याच्यानंतर.

आमच्या ओळखीच्या ग्रुपने ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. दिग्दर्शक आता पुण्यात मोठा माणूस झालाय, नाव घेत नाही. माझा हात सोलापूरच्या पूर्व भागातल्या गणपतीच्या कारखान्यात तयार झालेला, म्हणून सामान करायला मला धरलं. मी म्हटलं, सरदाराचं काम करणाऱ्याला पाठवून द्या, डोक्याचा ठसा घेतो. तर हा म्हणतो, ‘डोकं डोकंच असतंय बे. विगवाल्याकडचं थर्माकोलचं मुंडकं आण, त्याच्यावर लाव माती.’ मी दोनदा नको म्हटलं. पण पैसे त्याचे, हुकूम त्याचा.

थर्माकोलच्या मुंडक्याचा घेर बहुतेक वेळा २० ते २१ इंच असतो. पुरुषाचं डोकं २२ ते २३. रंगीत तालीम हुतात्मा स्मृती मंदिरात होती. शिरस्त्राण डोक्यात उतरेचना, वरच टेकून बसलं. सरदारांनी तलवार उपसून गर्रकन मान वळवली, तसं ते एका कानावर कललं आणि नाकपट्टी थेट डोळ्यावर. लाइटवाला पोरगा हसला, मग सगळेच. आणि दिग्दर्शक सगळ्यांदेखत मलाच विचारतो, ‘माप घेतलं नव्हतंस का बे?’

मी काही बोललो नाही. नटाला म्हटलं, पाळी सुटली की घरी ये.

तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. रात्री आला, पडवीत स्टुलावर बसवला. डोक्यावर पोहायची टोपी, कपाळाला, भुवयांना आणि मानेवरच्या केसांना भरपूर व्हॅसलीन. मेडिकलमध्ये हाड मोडल्यावर लावायचं प्लास्टरचं बँडेज मिळतं, त्याच्या पट्ट्या ओल्या करून भुवयांपासून मागे मानेपर्यंत लावत गेलो. चेहरा पूर्ण उघडा. दिवसभर मागापुढे उभा राहिलेला माणूस, पट्ट्यांचा गारवा लागला तसा बसल्या बसल्या घोरायला लागला. मान एकीकडे कलायला लागली म्हणून पुतण्याने दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरून ठेवली आणि मी घाईघाईने दुसरा थर दिला. कडक झाल्यावर मागून कात्रीने कापून काढलं, कापलेली जागा जोडली, आतून तेलाचा हात दिला आणि पीओपी-काथ्या भरून त्याचं डोकं काढलं. कानामागचा उंचवटासुद्धा उतरला होता.

त्या डोक्याला आधी ऑइलपेंटचा एक हात. नाहीतर पीओपी मातीतलं पाणी आतून ओढतं आणि शाडू सकाळपर्यंत तडकते. मग चहूबाजूंनी सारखी दीड सेंटिमीटर माती. कागदाची जाडी आणि आतलं अस्तर ह्याच जागेत बसतं. दीड सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं, पण घेर त्याने जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटरने वाढतो. घुमट, कडेची पट्टी, तुऱ्याची नळी हे सगळं त्याच्यावर. रिव्हेटसाठी ड्रेसवर चिकटवायचे अर्धे मोती दाबा, मातीच्या गोळ्या वळत बसू नका. नाकपट्टी मातीत करूच नका, साच्यातून निघताना मोडते. पत्र्याची वेगळी करून मागाहून बसवा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे आरशात बघा, वाकडेपणा उलट्या प्रतिमेत लगेच कळतो. काम थांबवलं की ओली चादर आणि वर प्लास्टिक. चादरींना आमच्याकडे तोटा नाही. माती पूर्ण सुकायची वाट बघू नका. सुकली की आकसते, आतलं डोकं आकसत नाही, मग भेगा ठरलेल्या.

साच्याचे भाग दोन, पुढचा आणि मागचा; जोड कानापासून कानापर्यंत. तिथे वरून पट्टी येईल अशीच नक्षी आखा, म्हणजे जोड झाकला जातो. पीओपी पाण्यात भुरभुरवायचं, पाणी पीओपीत नाही. पहिला थर पातळ, ब्रशने झटकून. दुसरा काथ्या घालून जाड. पहिला भाग कडक झाला की जोडाच्या कडेला साबणाचं पाणी लावा, मगच दुसरा. विसरलात तर छिन्नी लागेल. साचा सोडवून माती काढली की त्याला आतून वर्तमानपत्र आणि खाकी कागद आलटूनपालटून, पाच-सहा थर, चिंचोक्याच्या खळीने. झिलम, म्हणजे शिरस्त्राणाखाली मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी, बायकोने सुतळीची विणून दिली. काळा रंग, वर कोरड्या ब्रशने चंदेरी. तिसऱ्या रांगेतून लोखंडी जाळीच वाटत होती.

प्रयोगात नट उडी मारून खाली पडला, शिरस्त्राण हललं नाही.

आणि हाच दिग्दर्शक पुढे एका सत्कारात सांगतो, ‘आता माती-बिती सोडा, फोमच्या शीटमध्ये दोन तासांत शिरस्त्राण होतं.’ होतं की! पण फोम कडा असलेल्या आकारांना ठीक, यंत्रमानवाच्या डोक्याला. ठोकून काढलेला गोल घुमट फोममध्ये करा, फाका जोडलेल्या दिसतात, आणि लाइट बाजूने पडला की प्रत्येक जोड वेगळा मोजता येतो. मातीत चूक झाली तर बोटाने पुसता येते, फोम एकदा कापला की कापला. आणि मावळ्यांच्या डोक्यावर लाल झाडूसारखा रोमन तुरा लावणाऱ्यांनी मला इतिहास शिकवू नये. पुण्यात केळकर संग्रहालयातला शस्त्रविभाग एकदा बघून या आणि मग आकार ठरवा.

अर्थात एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी हवं असेल तर फोमच करा, एवढा खटाटोप नको. दाढीवाल्या नटाचा ठसा जपून घ्या. पीओपी घट्ट होताना तापतं, म्हणून जिवंत माणसाच्या डोक्यावर जाड थापू नका, बँडेजच वापरा. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. घातलंत तर हातमोजे घाला आणि आत कापडाचं अस्तर लावल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर ठेवू नका.

खर्चाचं म्हणाल तर शाडू, पीओपी, काथ्या, रद्दी ह्यात फार जात नाही. फायबरचं करायला गेलात तर रेझिनला पैसे लागतात, आणि ते फ्लॅटमध्ये करू नका, वास डोक्यात जातो. उरलेलं पीओपी मोरीत ओतू नका, पाइप तुंबला तर प्लंबरचा खर्च शिरस्त्राणापेक्षा जास्त होईल.