मुलांचे फोटो काढणे मी सोडून देऊ का?

"मॅडम, माझ्या हातात कॅमेरा दिसला की माझी मुलगी सोफ्यामागे जाऊन बसते. मी तिचे काही नुकसान तर करत नाही ना?" हा प्रश्न घेऊन नाशिकच्या एक आई मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. मुलांचे फोटो काढता काढता फोटोग्राफी शिकणारे आईवडील अलीकडे वरचेवर भेटतात आणि शब्द वेगळे असले तरी त्यांची काळजी बहुधा हीच असते. म्हणून या आईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकिगत लिहीत आहे.

थोरली मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. धाकट्याच्या जन्मानंतर आईंनी नोकरी सोडली आणि साठवलेल्या पैशांतून एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. दुपारी मुले झोपली की व्हिडिओ पाहून शिकायचे आणि संध्याकाळी मुले खेळू लागली की ते करून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. सासूबाईंना एवढ्या फोटोंनी पोरांना दृष्ट लागण्याची भीती वाटे, तर पती म्हणत, "तू मुलांकडे बघतच नाहीस, फोटोकडे बघतेस." हे बोलणे त्यांना लागले होते, पण माझ्याकडे येण्याचे खरे कारण निराळे होते. बागेत घसरगुंडीवरून उतरताना मुलगी पडली, गुडघा खरचटला आणि तिला उचलायला धावण्याआधी आईंच्या बोटाने आणखी दोनदा बटण दाबले. "ते दोन फोटो अजून माझ्याकडे आहेत. काढून टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत," हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या सत्राला मुलगी सोबत होती. ती ठोकळ्यांचे घर रचण्यात गढली होती. मध्येच मी वेळ पाहायला मोबाइल उचलला, त्याबरोबर तिने हातातला ठोकळा खाली ठेवला, मान डावीकडे कलवली, दात दाखवले, क्षणभर तशीच थांबली आणि मी मोबाइल बाजूला ठेवताच पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. ते हसू आनंदाचेही नव्हते आणि नाराजीचेही नव्हते. दारात कोणी आले की आपण पदर सावरतो, तितके ते सवयीचे झाले होते.

छंद सोडा, असे मी सांगितले नाही. घर, दोन लहान मुले आणि सुटलेली नोकरी यांच्यात स्वतःचे म्हणावे असे त्या बाईंकडे ते एवढेच होते. ते काढून घेतले असते तर कॅमेऱ्यावरचा राग ओघानेच मुलांवर निघाला असता. पुढच्या वेळी येताना चांगले फोटो नकोत, फसलेले घेऊन या, एवढेच मी सांगितले.

त्यांनी शंभरेक फोटो आणले. जवळजवळ सगळे संध्याकाळी सातनंतर, दिवाणखान्यातल्या एका ट्यूबलाइटखाली काढलेले, आणि जवळजवळ सगळे हललेले. हे फोटो काढताना तुम्ही मुलीला काय सांगत होता, असे मी विचारले. त्या आठवून सांगू लागल्या: "हलू नकोस. इकडे बघ. तसंच परत कर. थांब, थांब, अजून एक." एका फोटोत मुलगी बाहुलीला भरवत होती; ते भरवणे तिला चार वेळा करून दाखवावे लागले होते आणि चौथ्या वेळी तिने बाहुली भिरकावून दिली होती.

फोटोग्राफीतले मला फारसे कळत नाही. पुढचा हिशेब त्यांनीच मला कागदावर मांडून दाखवला. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, ऑटोवर ठेवल्याने कॅमेरा त्या अपुऱ्या उजेडात ते सेकंदाचा १/३० भाग उघडे ठेवत होता आणि तेवढ्या वेळात खेळणाऱ्या मुलीचा हात सहज चार बोटे सरकतो. पळणारे मूल स्पष्ट टिपायचे तर शटर १/५०० च्या आसपास हवे, म्हणजे वेळ सुमारे सोळापट कमी आणि म्हणून उजेड सोळापट जास्त. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, ४०० वरून १६०० वर नेला की चौपट भरपाई होते, पण फोटोत दाणे येतील या भीतीने त्या तो वाढवत नसत. उरलेली चौपट सकाळी गॅलरीच्या दारापाशी बसले तर उजेडातूनच मिळणार होती. लिहिता लिहिता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे जे मी कॅमेऱ्याला सांगायला हवे होते, ते मुलीला सांगत होते."

माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच घरांत दुखणे नेमके इथेच असते. मुलांना फोटोचा राग नसतो. चालू खेळ मोडला जातो, पुन्हा करून दाखवायला लावले जाते आणि पहिल्यांदा केले ते पुरेसे नव्हते असे न बोलता सांगितले जाते, याचा असतो. म्हणून अर्धवट शिकलेल्या छंदाला मी सुचवलेला उपाय तो नीट शिकण्याचा होता. ट्यूबलाइटखाली फोटो काढायचे नाहीत, सकाळच्या उजेडात काढायचे. जमिनीवर मुलांच्या उंचीला बसायचे. पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीत ठेवून नुसते खेळायचे. आणि फोटो काढताना तोंडातून एकही सूचना निघू द्यायची नाही. मुलगी "नको" म्हणाली तर कॅमेरा त्या क्षणी खाली, "का?" असे न विचारता. आंघोळीचे आणि उघड्या अंगाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, हेही सांगितले. त्यावर त्यांच्याशी वाद झाला नाही.

धाकट्याचा प्रश्न थोडा वेगळा होता. एवढे लहान मूल काही केले की लगेच आईच्या चेहऱ्याकडे बघते. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आयांना थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले, तेव्हा तान्ही बाळे आधी त्यांना बोलते करू पाहत आणि ते साधले नाही की तोंड फिरवत. कॅमेऱ्याला हा प्रयोग जसाच्या तसा लावणे चूक ठरेल, कारण ती बाळे काही महिन्यांची होती आणि आया मुद्दाम थिजून बसल्या होत्या. पण डोळ्याला लावलेला कॅमेरा चेहरा झाकतो, एवढे खरे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात वरून वाकून बघावे लागे, त्यामुळे कॅमेरा पोटाशी आणि चेहरा मोकळा राही. या आईंच्या कॅमेऱ्याचा पडदाही उचलून आडवा करता येत होता; त्यांनी तो कधी उघडला नव्हता.

पतींच्या बोलण्यात काही तथ्य होते का? एका बाबतीत होते. बागेतल्या त्या दिवसाबद्दल मी विचारले तेव्हा फ्रॉकचा रंग, उन्हाची तिरीप, घसरगुंडीवरचा गंज हे सगळे त्यांनी बारकाव्याने सांगितले, पण मुलगी पडण्यापूर्वी काय बोलत होती, हे काही केल्या आठवेना. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही असेच दिसले होते: स्वतःच्या इच्छेने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक लक्षात राहिले आणि ऐकलेले कमी. म्हणून मी त्यांना निवडक फोटो छापून अल्बमच्या पानावर चिकटवायला आणि त्याखाली त्या वेळी मुलगी बोललेले वाक्य लिहायला सांगितले. लिहायचे म्हटले की ऐकणे आले.

मुलीच्या हाती एक जुना मोबाइल दिला, ही मात्र आईंची स्वतःची कल्पना. तिने टिपले ते जेवणाच्या टेबलाची खालची बाजू, मेथी निवडणारे आजीचे हात, भावाचा कान आणि ओट्याशी उभ्या आईची पाठ. हजारो फोटोंच्या त्या साठ्यात आईंचे स्वतःचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, त्यात ही पाठ आली.

तीन महिन्यांनी त्या शेवटच्या सत्राला आल्या तेव्हा मुलीचा पाचवा वाढदिवस नुकताच झाला होता. सोफ्यामागे जाणे कमी झाले होते, थांबले नव्हते. नेमकी केक कापताना ती "नको" म्हणाली आणि आईंनी सगळ्या पाहुण्यांदेखत कॅमेरा फ्रिजवर ठेवून दिला. सासूबाई दोन दिवस कुरकुरत होत्या. मग अल्बमच्या त्या पानावर काय लावले, असे मी विचारले. "पाहुणे गेल्यावर ती उरलेल्या फुग्याशी बोलत बसली होती, तो," त्या म्हणाल्या. "हात हललाय त्यात. पण खाली वाक्य लिहिलंय."