बेसबॉल त्यांचा, क्रिकेट आपलं

प्रिय ओवी,

तू विचारलंस, "आपण मराठी लोक क्रिकेटसाठी एवढे वेडे, मग इथे सोलमध्ये माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचे नियमही का ठाऊक नाहीत?"

कारण त्यांचं वेड बेसबॉल आहे. तोही बाहेरूनच आला. आपल्याकडे क्रिकेट इंग्रजांनी आणलं, मुंबईच्या पारशांनी ते आधी उचललं. इथे कोरियात १९०५च्या सुमारास फिलिप जिलेट या अमेरिकन मिशनऱ्याने वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या तरुणांना बेसबॉल शिकवला. पुढे जपानची सत्ता आली. जपान्यांनाही हाच खेळ प्रिय, म्हणून तो टिकला.

रुजला मात्र शाळांतून. मुंबईत शाळांची हॅरिस शील्ड, तशा इथे हायस्कूलच्या स्पर्धा. सोलच्या दोंगदेमून मैदानावर (आता ते पाडलंय) मुलं खेळायची आणि त्यांचं अख्खं शहर ओरडायचं. १९८२मध्ये व्यावसायिक लीग निघाली तेव्हा हीच निष्ठा तिला आयती मिळाली. सहा संघ, नावं कंपन्यांची, पण बुसान म्हणजे लोट्टे, देगू म्हणजे सॅमसंग, ग्वांगजू म्हणजे हेताई (आताचा किया). मुंबईच्या जुन्या स्पर्धांत संघ धर्मावर पडले होते, हिंदू, पारशी, मुस्लिम. शहरावर पडलेले मला बरे वाटतात.

या लीगचा पहिला चेंडू फेकला लष्करशहा चुन दू-ह्वान यांनी. लोकांचं लक्ष राजकारणावरून हटावं हा डाव होता, असं इथे सर्रास मानतात. ग्वांगजूत १९८०मध्ये त्यांच्याच सैन्याने माणसं मारली होती. त्याच शहराच्या हेताईने १९८३ ते १९९७ या काळात नऊ अजिंक्यपदं जिंकली! २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कोरियाने नऊच्या नऊ सामने जिंकून सुवर्ण आणलं, आणि २०२४च्या हंगामात लीगची प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या वर गेली. देशाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटी.

मैत्रिणींबरोबर सामना बघायला जाशील तेव्हा एवढं लक्षात ठेव. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं आणि ते आपला संघ फलंदाजी करत असतानाच गायचं. समोरचे खेळत असताना आपण बसून चिकन खायचं. काचेची बाटली नेऊ नकोस. तिकीट काढताना बाजू चुकली, तर तीन तास विरुद्ध संघाच्या गाण्यांत बसावं लागतं. सोलच्या जामसिल मैदानावर यजमान पहिल्या बेसच्या बाजूला (फलंदाजामागून पाहिलं तर उजवीकडे) बसतात, देगू-ग्वांगजूत तिसऱ्या (डावीकडे). त्यात जामसिल हे एलजी आणि दूसान या दोन्ही संघांचं घर. ते एकमेकांशी खेळतात तेव्हा त्यांतला एक स्वतःच्याच घरी पाहुणा असतो, म्हणून त्या दिवशी यजमान कोण ते आधी बघ.

तुझा
बाबा