हवामान बदलाला तोंड द्यायची तयारी कोणी करायची, पालिकेने की वरच्या सरकारने?

जमिनीवरची तयारी पालिकेनेच करायची. पैसा आणि कायद्याचं पाठबळ वरच्या सरकारने द्यायचं. कारण साधं आहे: पाणी तुंबतं ते गल्लीत, आणि नाल्याची रुंदी, मोकळ्या जागा, बांधकाम परवानग्या बहुतेक ठिकाणी पालिकेच्याच हातात असतात. पूररेषेत एकदा इमारत उभी राहू दिली, की पुढे दर पावसाळ्यात पंप लावत बसायचं. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी देशांनी मान्य केलेल्या २०१५ च्या सेंडाई आराखड्यातही राष्ट्रीय धोरणाबरोबर स्थानिक धोरण हवं असं उद्दिष्ट आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला ढगफुटी झाली आणि २०१२ मध्ये शहराने आपली योजना आणली: जादा पाणी ठरावीक रस्त्यांवरून, बागांमधून वाहू द्यायचं, म्हणजे ते तळघरांत शिरत नाही. सगळंच इतकं खर्चिक नसतं. अहमदाबादच्या २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यात भर होता तो वेळेवर इशारे, दवाखान्यांची तयारी आणि लोकांपर्यंत माहिती पोचवण्यावर. मात्र धरणातून सोडलेलं पाणी किंवा लांबलचक किनाऱ्याची धूप एकट्या पालिकेच्या आवाक्यातली नाही. नदी काही पालिकेची हद्द बघून वाहत नाही. तिथे राज्य आणि केंद्राला उतरावंच लागतं.