एसनंतरचा अपॉस्ट्रॉफी आणि गायब झालेलं घर

प्रश्न असा आलाय. मुलगा इंग्लंडमध्ये असतो, त्याच्या मेसेजमध्ये वाक्य होतं: ‘वुई वेअर ओव्हर ॲट द जोशीज’ लास्ट नाइट.’ रोमन लिपीत जोशीला एस जोडलेला, एसच्या पुढे अपॉस्ट्रॉफी आणि त्यापुढे काहीच नाही. पोरगं काही लिहायचं विसरलं का? की ‘ओव्हर’ आणि ‘ॲट’ अशी दोन अव्ययं लागोपाठ आली म्हणून नामाला षष्ठी लागली?

विसरला नाही, ताई. उलट भलतंच काटेकोर लिहितो तुमचा मुलगा, खुद्द इंग्रजांतही पुष्कळ जण ती खूण गाळतात. दुसरी शंका मात्र खास मराठी कानाची आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

आपल्याकडे शब्दयोगी अव्यय आलं की नाम मुकाट्यानं रूप बदलतं. जोशांबरोबर, जोशांच्या मागे, जोशांसाठी. त्यामुळे इंग्रजीतही नामाला काही चिकटलेलं दिसलं की आपण आधी शेजारच्या अव्ययाकडे संशयानं बघतो. इथे ते निर्दोष आहे. ‘ॲट’ला षष्ठीचं काहीच पडलेलं नाही. षष्ठी लागली आहे ती पुढे न लिहिलेल्या ‘हाउस’ या शब्दामुळे. द जोशीज’ हाउस, जोशांचं घर. त्यातलं घर बोलताना गळून गेलं आणि ‘जोशांचं’ तेवढं मागे राहिलं.

पुरावा हवा असेल तर नामाऐवजी सर्वनाम घालून बघा. इंग्लंडातली माणसं ‘राउंड ॲट देअर्ज’ म्हणतात, ‘कम ओव्हर टू अवर्ज’ म्हणतात. म्हणजे ‘त्यांच्या’, ‘आमच्या’. घर दोन्हीकडे अध्याहृत. षष्ठी जर ‘ॲट’मुळे आली असती तर ‘लुक ॲट देम’मध्येही ‘देअर्ज’ झालं असतं. तिथे होत नाही, कारण तिथे माणसांकडे बघायचंय, त्यांच्या घराकडे नाही. (जाता जाता: या ‘देअर्ज’ आणि ‘अवर्ज’मध्ये अपॉस्ट्रॉफी घालायचा नसतो. का, तर सर्वनामांची ती रूपं मुळातच षष्ठीची आहेत.)

आता ‘ओव्हर’. ते तर क्रियाविशेषण, नामाशी त्याचा संबंधच नाही. ते काढून टाका: ‘वुई वेअर ॲट द जोशीज’.’ वाक्य धडधाकट उभं आहे. ‘ओव्हर’ ठेवून ‘ॲट’ काढा, तर आदल्या रात्री तुमची मंडळी जोशांच्या छपरावर तरंगत होती असा अर्थ होईल. ‘ओव्हर’ फक्त एवढंच सांगतं की आपलं घर सोडून पलीकडे गेलो होतो. आपणही असे शब्द सर्रास पेरतो: ‘वर काकूंकडे बसले होते’, ‘तिकडे जोशांकडे गेलो होतो’. त्या ‘वर’मुळे किंवा ‘तिकडे’मुळे काकूंचं काही बदलत नाही, तसंच हे. डाउन, अप, बॅक, राउंड यांचंही तेच. फक्त ‘राउंड’ जरा लाडावलेलं आहे. ब्रिटिश बोलीत त्याच्यामागचं ‘ॲट’ किंवा ‘टू’ खुशाल गाळतात आणि ‘राउंड द जोशीज’’ एवढंच म्हणतात. छापील इंग्रजीत ते घरगुती वाटतं.

खरी गंमत ‘फ्रॉम’मध्ये आहे. ‘वुई हर्ड इट फ्रॉम द जोशीज’ म्हणजे जोशांकडून कळलं. इथे सांगणारी माणसं आहेत, म्हणून नुसतं अनेकवचन, अपॉस्ट्रॉफी नाही. ‘वुई हॅव जस्ट कम फ्रॉम द जोशीज’’ म्हणजे आत्ताच जोशांकडून आलो. इथे घर आहे, म्हणून एसनंतर खूण. अव्यय एकच, कानाला दोन्ही अगदी सारखी, फरक फक्त कागदावर. आता वरची दोन मराठी वाक्यं पुन्हा बघा. ‘जोशांकडून कळलं’ आणि ‘जोशांकडून आलो’. आपण तर कागदावरही फरक करत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

कारण आपल्या ‘कडे’नं घर केव्हाच गिळून टाकलंय. कड म्हणजे बाजू. कडेला बसणं, कुणाची कड घेणं यातली. ‘मुलीकडची मंडळी’ म्हणतो तेव्हा ती बाजू अजून दिसते. पण ‘मुलीकडे गेलेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला थेट तिचा फ्लॅट दिसतो, मग तो कोथरूडमध्ये असो नाहीतर न्यू जर्सीत. फ्रेंचांचा प्रवास उलटा झाला. त्यांचं ‘शे’ हे अव्यय लॅटिनमधल्या ‘कासा’पासून, म्हणजे घरापासून निघालं आणि झिजत झिजत ‘कडे’ झालं. आणि ‘आमच्याकडे असलं चालत नाही’मधलं ‘आमच्याकडे’ जसं घरापासून देशापर्यंत कुठवरही ताणता येतं, तसंच त्यांचं ‘शे नू’ही ताणतात.

अनेकवचनाचा मुद्दा राहिला. ‘ॲट माय कझिन’ज’ आणि ‘ॲट माय कझिन्ज’’ हे उच्चारात एकच आहे. एसच्या आधी खूण असेल तर एका भावंडाचं घर, नंतर असेल तर एकाहून अधिक भावंडांचं. हे काम मराठीत अनुस्वार करतो: मामाकडे, मामांकडे. आपला टिंब निदान ऐकू तरी येतो. पण तो दोन नोकऱ्या करतो हे विसरू नका. ‘मामांकडे’ म्हणजे चार मामांच्या सामाईक घरी, की एकाच आदरणीय मामांकडे, हे त्या टिंबावरून कळत नाही. इंग्रजीत ही भानगड नाही, तिथे मामा कितीही मोठा असला तरी एकवचनातच राहतो. म्हणून भाषांतर करताना ‘काकांकडे’ दिसलं की एसनंतर खूण घालायची घाई करू नये, आधी काका मोजावेत.

आडनावाचं तसं नाही. ‘कुलकर्ण्यांकडे’ म्हटलं की सगळं कुटुंबच डोळ्यांपुढे येतं, इंग्रजी ‘द कुलकर्णीज’’च्या अगदी जवळ. हल्ली सर्रास लिहितात ते ‘कुलकर्णींकडे’ मला कुणा एका साहेबांकडे फाइल गेल्यासारखं वाटतं. पण हे माझं मत झालं, नियम नव्हे.

घराऐवजी दुकानही असंच गळतं. ॲट द बार्बर’ज, ॲट द डेंटिस्ट’ज. आपण ‘चितळ्यांकडून बाकरवडी आण’ म्हणतो, त्यात दुकान कुठे असतं? ही नावं पुढे पाटीवर चढली की अपॉस्ट्रॉफीचे हाल सुरू होतात. सेन्सबरी’जनं तो जपला, हॅरॉड्सनं ठेवला नाही, वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी 2012 मध्ये काढून टाकला. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल’ज कोर्ट स्टेशनात तो आहे आणि शेजारच्याच बॅरन्स कोर्टमध्ये नाही. मुलगा तिकडेच आहे, त्याला फोटो काढून पाठवायला सांगा.

एसनंतर मोकळी लोंबणारी खूण आपल्याला विचित्र वाटते, यातही नवल नाही. जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांच्या एकवचनी षष्ठीला ‘एस’ असा, ईसकट प्रत्यय होता. त्यातला ई उच्चारातून गेला, आणि आजची एसच्या आधीची खूण ही त्या गेलेल्या ईची जागा म्हणता येते. अनेकवचनी षष्ठीचा प्रत्यय वेगळाच होता, तिथून असं काही गळलेलं नव्हतं. नुसता कागदावर फरक दिसावा म्हणून तिथली खूण मागाहून ठेवली, आणि ती स्थिरावायला अठरावं शतक उजाडलं. मात्र जिथे अनेकवचनाला एस लागतच नाही तिथे खूण पुन्हा आधी येते: ‘ओव्हर ॲट द चिल्ड्रन’ज’. सहा महिने अमेरिकेत ‘मुलांकडे’ राहून येणाऱ्या आईवडिलांनी एवढं एक रूप लक्षात ठेवलं तरी भागेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की दारावरच्या पाटीला काय करावं. ‘द जोशीज’ असं साधं अनेकवचन, विनाअपॉस्ट्रॉफी: इथे जोशी राहतात. घर जोशांचं आहे असं बजावायचंच असेल तर एसनंतर खूण. पण एसच्या आधी खूण दिली तर राहणारा जोशी एकटाच ठरतो, आणि ‘द’ लागल्यामुळे जोशी हे आडनाव न राहता हुद्दा होतो. हे मी अनुभवानं सांगतोय. आमच्या दारावर तशीच पितळी पाटी अकरा वर्षं होती आणि मजकूर मीच दिला होता. चूक लक्षात आल्यावर पाटीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘काका, नवीन करा. खूण गाळली तरी पैसे तेवढेच पडतील.’