एनबीए की एनएफएल : शर्यत कुठली रंगते, आणि अंगठ्या मोजाव्यात का?

प्रश्न : एनबीएचं बास्केटबॉल आणि एनएफएलचं अमेरिकन फुटबॉल, दोन्ही बघणाऱ्यांना विचारायचं आहे. प्लेऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांत जागा मिळवण्याची, शर्यत कुठे जास्त रंगते? आणि अजिंक्यपदं किती, यावरून खेळाडू किती मोठा हे ठरवणं तुम्हाला पटतं का?

आधी माझा पक्षपात कबूल करतो. शिकायला दोन-अडीच वर्षं बफेलोत होतो, त्यामुळे फुटबॉलमध्ये मी बफेलो बिल्सचा. बास्केटबॉलमध्ये माझं असं घराणं नाही, निकोला योकिच ज्या संघात तो संघ माझा. शाळेत आमच्याकडे सिमेंटचं कोर्ट होतं आणि रिंगला जाळी कधीच नव्हती. बॉल आतून गेला की बाजूने, यावर निम्मा तास भांडण व्हायचं. बास्केटबॉल तेव्हापासून अंगात आहे. फुटबॉल मात्र बर्फामुळे घरात अडकून पडलो म्हणून शिकलो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर शर्यत फुटबॉलची बघावी आणि प्लेऑफ बास्केटबॉलचे. अंगठ्यांचं म्हणाल (तिकडे विजेत्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, म्हणून चाहते अंगठ्या मोजतात), तर बास्केटबॉलमध्ये त्या बेताने मोजाव्यात, आणि फुटबॉलमध्ये एकट्या क्वार्टरबॅकच्या (बॉल टाकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या) नावावर मोजूच नयेत.

शर्यतीचा हिशेब सोपा आहे. एनबीएत संघाचे ८२ सामने असतात, एनएफएलमध्ये १७. म्हणजे फुटबॉलचा एक रविवार वाया गेला तर बास्केटबॉलचे जवळजवळ पाच सामने गेल्यासारखे. शिवाय एनएफएलमध्ये ३२ पैकी १४ संघच पुढे जातात. एनबीएत ३० पैकी २० संघांना निदान 'प्ले-इन'चा (प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या पात्रता सामन्यांचा) दरवाजा तरी उघडा असतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत तिथे मोठे खेळाडू सरळ विश्रांती घेतात. शेवटी लीगलाच २०२३-२४ पासून नियम करावा लागला, की ६५ सामने खेळल्याशिवाय एमव्हीपीसारख्या (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) मोठ्या पुरस्कारांसाठी नावच धरणार नाही. पगारी माणसाला हजेरीची अट घालावी तसंच झालं हे.

फुटबॉलची शर्यत म्हणजे काय ते मी ३१ डिसेंबर २०१७ ला बघितलं. बिल्स १७ वर्षं प्लेऑफमध्ये गेले नव्हते. आम्ही पाच-सहा जण एका मित्राच्या खोलीत, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, गॅसवर कुकरमध्ये खिचडी. मायामीत आमचा संघ २२-१६ ने जिंकला, पण तेवढ्याने भागत नव्हतं. बाल्टिमोरने सिनसिनाटीकडून हरायला हवं होतं, आणि सिनसिनाटीचं तर आव्हान कधीच संपलेलं. त्यांना जिंकून काहीच मिळणार नव्हतं. शेवटचं मिनिट सुरू होत होतं, बाल्टिमोर पुढे, सिनसिनाटीची चौथी आणि शेवटची संधी आणि १२ यार्ड पुढे जायला हवं. त्यांचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टनने बॉल टाकला, टायलर बॉइडने तो मधोमध पकडला आणि पळतच सुटला. ४९ यार्डांचा टचडाउन, म्हणजे बॉल थेट शेवटच्या रेषेपार, आणि घड्याळात ४४ सेकंद. कुकरची शिट्टी झाली ती कुणाला ऐकूच आली नाही, खिचडी खालून पार लागली होती.

पुढच्या काही दिवसांत बफेलोच्या लोकांनी काय करावं? डाल्टनच्या धर्मादाय संस्थेला सतरा वर्षांचे म्हणून सतरा-सतरा डॉलर पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्याच गावच्या क्वार्टरबॅकला! आणि आठवड्याभराने आम्ही जॅक्सनव्हिलला १०-३ असे हरून घरी आलो. तीन गुण, हसू नका. त्या शर्यतीपुढे त्या हरण्याचं कुणाला काही वाटलंच नाही.

एनबीएत अशी शेवटच्या दिवसाची गंमत क्वचितच. अपवाद म्हणून २०२३ ची मायामी हीट सांगतो. प्ले-इनचा पहिला सामना ते अटलांटाकडून हरले, दुसऱ्यात शिकागोला हरवून कसेबसे आठवे म्हणून आत शिरले. मग लीगमध्ये सर्वांत जास्त सामने जिंकलेल्या मिलवॉकीला त्यांनी पहिल्याच फेरीत ४-१ ने घालवलं. मायामीच्या जिमी बटलरने एका सामन्यात ५६ गुण ठोकले. आणि हा आठव्या नंबरचा संघ थेट अंतिम फेरीत पोचला.

पण एकदा प्लेऑफ सुरू झाले की पारडं उलटं होतं. सातपैकी चार जिंकायचे. एकाच संघाशी दोन आठवडे झुंजायचं म्हणजे समोरचा तुमचं घर आतून बघून जातो. कुठलं दार नीट लागत नाही ते त्याला तिसऱ्या सामन्यापर्यंत कळलेलं असतं.

२०१६ चा सातवा सामना आठवा. गोल्डन स्टेटने त्या मोसमात ७३ सामने जिंकले होते, अंतिम मालिकेतही ३-१ ने पुढे होते, आणि क्लीव्हलंडने ३-३ करून ठेवलं. ८९-८९ वर गाडी अडकली. साडेचार मिनिटं गोल्डन स्टेटचा एकही बॉल आत जाईना. क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन गोल्डन स्टेटच्या इग्वाडालाचा सोपा वाटणारा शॉट बोर्डावर चेपला, तो तर सगळ्यांना पाठ आहे. मला जास्त आवडतो तो त्याच्यानंतरचा क्लीव्हलंडच्याच कायरी अर्विंगचा तीन गुणांचा शॉट, ५३ सेकंद बाकी असतानाचा. शॉट सोडा, त्याच्या आधीचे चार सेकंद बघा. त्याचा साथीदार जे. आर. स्मिथ येऊन आडवा उभा राहतो. कशासाठी? तर त्याच्यावर लक्ष ठेवून असलेला गोल्डन स्टेटचा स्टेफ करी अर्विंगसमोर यावा म्हणून. लीगचा एमव्हीपी, पण बचावात तोच नाजूक. क्लीव्हलंडने हुडकून हुडकून त्यालाच पुढे काढलं आणि त्याच्याच डोक्यावरून मारला. हे सहा सामन्यांच्या अभ्यासाशिवाय जमत नाही. लेब्रॉन त्या मालिकेत दोन्ही संघांत मिळून गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक पाचही बाबतींत पहिला होता. असा निकाल लागला की अंगठी कुणाची, हे विचारावं लागत नाही.

म्हणून बास्केटबॉलमध्ये अंगठीला थोडा अर्थ आहे. मैदानात पाचच जण, मोठा खेळाडू ४८ पैकी चाळीसेक मिनिटं खेळतो, दोन्ही बाजूंनी खेळतो, आणि नशीब सात सामन्यांत बरंचसं धुऊन निघतं. बरंचसंच म्हणतो. २०२५ च्या सातव्या सामन्यात इंडियानाचा हॅलिबर्टन पहिल्याच भागात टाचेमागचा स्नायूबंध तुटून कोसळला, आणि ओक्लाहोमा जिंकलं. ओक्लाहोमाचा शे गिल्जस-अलेक्झांडर त्या वर्षी एमव्हीपी, अंतिम मालिकेचाही एमव्हीपी. तो फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोफत शॉट) फार उकळतो अशी लोकांची कुरकुर असते, माझीही असते. तरी त्याचा तो थबकून मारलेला मधल्या अंतराचा शॉट बघायला मी पहाटे उठतो. आणि नुसत्याच अंगठ्या मोजायच्या तर रॉबर्ट होरीच्या सात आहेत, मायकल जॉर्डनच्या सहा. होरी गुणी खेळाडू, पण म्हणून कुणी त्याला जॉर्डनच्या वर बसवत नाही. अंगठ्या काय, आमच्या गल्लीतले ज्योतिषीबुवाही नवग्रहांच्या मिळून नऊ घालतात.

योकिचबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. नव्या खेळाडूंच्या २०१४ च्या निवडीत ४१ वा, आज तीन एमव्हीपी आणि २०२३ चं अजिंक्यपद. बघायला गेलं तर उडी नाही, वेग नाही. प्रत्येक सोसायटीत कॅरम खेळणारे एक पोट सुटलेले काका असतात ना, जे खुर्चीतून उठत नाहीत, घाई करत नाहीत, आणि राणी कव्हर करून शांतपणे चहा मागवतात? तसा तो खेळतो. अंतिम मालिका जिंकल्यावरही याचं लक्ष सर्बियातल्या आपल्या घोड्यांकडे. सात सामन्यांसाठी एकच माणूस निवडायचा तर माझा हाच.

आता फुटबॉलच्या अंगठ्या. क्वार्टरबॅक अर्धा सामना बाकावर बसून असतो. आपले बचावपटू काय दिवे लावताहेत ते बघत राहण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. बफेलोच्या स्कॉट नॉरवुडने जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) शेवटच्या क्षणी ४७ यार्डांवरून किक मारली, ती उजवीकडून बाहेर गेली. २०-१९ ने हार. क्वार्टरबॅक जिम केली पुढेही सलग तीनदा अंतिम फेरीत पोचला, तीनदा हरला, अंगठी शून्य. २००२ मध्ये न्यू इंग्लंडच्या विनाटिएरीने शेवटच्या सेकंदाला ४८ यार्डांवरून मारली, ती आत गेली. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, पहिली अंगठी. ब्रेडीच्या पुढे एकूण सात झाल्या, त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. पण त्या दोन्ही किकच्या वेळी केली आणि ब्रेडी करत काय होते? कडेला उभे राहून बघत होते.

म्हणून बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याला कुणी 'अंगठी कुठाय' म्हटलं की माझं डोकं सटकतं. २०२४ च्या मोसमाचा एमव्हीपी हा. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२५ मध्ये चार वेळा कॅन्सस सिटीनेच त्याला प्लेऑफमधून बाहेर काढलं. त्यातला २३ जानेवारी २०२२ चा सामना मी पुण्यात बघितला, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचपासून. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. ॲलनने चौथा टचडाउन पास टाकला, ३६-३३, उरले १३ सेकंद. मी चहा टाकायला उठलो, इतकी खात्री. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्सने दोन पासमध्ये ४४ यार्ड काढले आणि त्यांच्या किकरने बरोबरी केली. जादा वेळेची नाणेफेक, ॲलन 'काटा' म्हणाला, पडला छापा. पहिला बॉल कॅन्सस सिटीला, टचडाउन, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे खेळ तिथेच खलास. ॲलनने बॉलला हातही लावला नाही.

मी डोकं धरून बसलेला बघून आई पूजा अर्धवट टाकून बाहेर आली. "काय रे, कुणाचा फोन होता?" म्हटलं, फोन नाही, हरलो. मग सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या पोराला डाव दिलाच नाही? अरे, गल्लीतसुद्धा दोघांना बॅटिंग मिळते."

दोन महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, लीगने प्लेऑफपुरता नियम बदलला : जादा वेळेत दोन्ही संघांना एकेकदा बॉल मिळणार. तो पहिल्यांदा लागू पडला तो फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकून आधी बॉल घेतला आणि तीन गुण केले. किती हवेत ते महोम्सला आता माहीत होतं. त्याने टचडाउन करून २५-२२ ने सामना संपवला. एकाच सामन्यासाठी माणूस निवडायचा तर दातओठ खात मी त्याचंच नाव घेईन.

ऑफिसला निघताना आईला निकाल सांगितला. कोथिंबीर निवडता निवडता तिने मान वर केली. "टॉस जिंकून पहिली बॅटिंग घेतली? समोर तो महोम्स असताना?"